काका, तुमच्या पिवळ्या पेनाला नमस्कार

सेंट पीटर्सबर्ग, फ्लोरिडा
मे २०२५

ती. स्व. काकांना सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय. इथे नवीन घर घेतलेल्या मराठी मंडळींच्याही कामी येईल.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तुम्ही चहाला आलात आणि विचारलंत, "घराची पॉलिसी वाचलीस का गं?" मला हसू आलं. एजंट 'फुल कव्हर' म्हणाला होता, वाचायचं काय त्यात? तुम्ही खिशातून पिवळा हायलायटर काढलात (चहाला येताना हायलायटर कोण आणतं?) आणि एका ओळीवर फिरवलात: हरिकेन डिडक्टिबल, २ टक्के. मला वाटलं, नुकसानीच्या २ टक्के. "नुकसानीच्या नाही, घराच्या विमा रकमेच्या." आमची रक्कम ४ लाख डॉलर. म्हणजे पहिले ८ हजार आमच्याच खिशातून. चहा तसाच राहिला.

मग पुराचं. वाऱ्याने छप्पर गेलं तर घराची पॉलिसी पैसे देते, खाडीचं पाणी दारातून आत आलं तर नाही. त्याला पूरविमा वेगळा. आमचं घर एक्स झोनमध्ये, म्हणजे पुराचा धोका कमी मानलेल्या भागात, म्हणून बँकेने तो मागितलाच नव्हता. "बँक तिचं कर्ज बघते, तुझा सोफा नाही," तुम्ही म्हणालात. सरकारी पूरविमा घेतल्यावर साधारण ३० दिवसांनी लागू होतो आणि वादळांचा सीझन १ जूनला सुरू, म्हणून त्याच आठवड्यात घ्यायला लावलात. तुम्ही गेल्यावर मी नवऱ्यापाशी कुरकुरले, आणखी एक हप्ता! माहेर श्रीवर्धनचं, २०२० च्या निसर्ग वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झालेली, तरी अक्कल आली नव्हती.

घराचा व्हिडिओ काढून पाठवला, तर उलट उत्तर आलं: "कपाटं उघडून काढ. मिक्सर उलटा कर, नंबर दिसू दे."

२६ सप्टेंबरला हेलीन वादळ आमच्या किनाऱ्यापासून लांबून, समुद्रातूनच उत्तरेला गेलं, पण जाताना टँपा बेचं पाणी गावात लोटून गेलं. आमच्या दिवाणखान्यात गुडघाभर. तेरा दिवसांनी मिल्टन आलं आणि छपराचे शिंगल्स उडाले. दोन वादळं, दोन पॉलिसी, दोन वेगळे ॲडजस्टर (नुकसान तपासायला येणारे). छपराचं बिल ८ हजारांच्या जेमतेम वर गेलं, त्यामुळे तिकडून हाती फारसं लागलं नाही. पूरविम्याने मात्र भिंती, फरशी सावरली. सामानाचे पैसे घसारा कापून मिळाले, तेही तुम्ही आधीच बजावलं होतं, म्हणून ॲडजस्टरशी भांडले नाही. मिक्सरचा नंबर त्याने खरंच विचारला!

पूरविमा बाहेर राहण्याचा खर्च देत नाही. ती ओळ तुम्ही पिवळी केली नव्हतीत. तुमची मागची खोली उघडून दिलीत. काकूंच्या हातचं मेतकूट-भात सात आठवडे जेवलो, त्याचे आभार कुठल्या रकान्यात मांडू?

यंदाचे नूतनीकरणाचे कागद आलेत. हप्ता जरा कमी दिसला म्हणून खूश झाले, मग पेन घेऊन बसले. डिडक्टिबल २ चं ५ टक्के झालंय. सही केलेली नाही. शनिवारी कागद घेऊन येते. चहा मी करीन, काकूंना उठू देऊ नका.

तुमची,
समोरच्या घरातली