येळवशीच्या आधी

टोरंटो

ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

येळवस, आपली शेतातली वेळ अमावस्या, तीन आठवड्यांवर आली आणि यंदा मी तिथं नाही. शेतातलं जेवण आठवतंच, पण हे पत्र त्यासाठी नाही. गेल्या वर्षीचा तो दिवस अजून डोळ्यांपुढून जात नाही.

हैदराबादला उतरले तेव्हा मी ठणठणीत होते. येळवशीच्या सकाळी घसा जरा खवखवत होता, म्हटलं प्रवासाचं असेल. कडब्याच्या कोपीपुढं बसून मीच सगळ्यांना आंबील वाढली, भज्जीत उंडा कुस्करून बाबांना दिला. रात्री मला ताप भरला, तिसऱ्या दिवशी बाबांना. मग लातूरच्या दवाखान्यातले ते पाच दिवस आणि नाकाला लावलेली ऑक्सिजनची नळी. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. पण दुखणं माझ्या हातून गेलं, हे मला कळतं. फ्लूचं असंच असतं गं, ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच तो दुसऱ्याला लागू शकतो.

म्हणून आधी बाबांच्या लशीचं बघ. त्यांचं वय पासष्टच्या पुढं, त्यात साखर. अशा माणसाला फ्लू साधा राहीलच असं नाही, छातीतही उतरू शकतो. लस लागू पडायला साधारण दोन आठवडे जातात, तेव्हा याच आठवड्यात लातूरला न्या. विषाणू रूप बदलत राहतो, त्यामुळं ती दर वर्षी घ्यावी लागते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण दुखणं सहसा एवढं विकोपाला जात नाही. इथं औषधाच्या दुकानातच ती फुकट देतात. मी आणि लेकरानं ऑक्टोबरातच घेतली, दंड एक दिवस दुखला, बस.

आता एक सांगते, रागावू नकोस. नातवाचं नाक तू पदरानं पुसतेस, त्याच पदरानं चुलीवरचं पातेलं उतरवतेस, आणि त्यालाच हात पुसून बाबांना भाकरी वाढतेस. तुझ्या पदरात मी वाढले, पण पडशाच्या दिवसांत नाकाला वेगळं फडकं ठेव आणि ते रोज धू. शिंक आली की तोंडापुढं तळहात नको, कोपराचा बाक धरायचा. हातावर शिंकलं की तोच हात कडीला लागतो, तांब्याला लागतो. कडीसारख्या टणक वस्तूवर हा विषाणू एक-दोन दिवससुद्धा तग धरतो.

हात धुवायला पाणी लागतं, आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस आपण विसरलेलो नाही. पण साबण चोळताना पाणी वाहतं ठेवायची गरजच नाही. हात ओले कर, शुभंकरोति सावकाश म्हणून होईस्तोवर बोटांच्या बेचक्यांत साबण चोळ, मग धू. एका तांब्यात दोघांचं भागतं.

येळवशीला काकाच्या घरी कुणाला ताप असेल तर आधीच निरोप दे, डबा घरी पोचता करू म्हणावं. बोलावलं नाही म्हणून काका रुसला तर मी फोन करून समजूत काढीन. औषध न घेता ताप उतरून पुरता एक दिवस जाईपर्यंत माणसानं घरीच पडावं. आंबील प्यायला ज्याचा त्याचा पेला, एकच पेला फिरवू नका.

आणि बाबांना कणकण वाटली तर "बघू उद्या" नको. फ्लूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त कामाला येतं. अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही, म्हणून नुसती सुई मारून घरी येऊ नका, साखरेचं डॉक्टरांना नीट सांगा. धाप लागली तर रात्र काढू नका.

रविवारी फोन करते. बाबा लस घेऊन आलेले असतील, एवढंच तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझी लेक