साप आणण्याआधी पेटी तापवून पाहा

महोदय,

परदेशातल्या मराठी घरांतून हल्ली मुलांच्या हट्टापायी कॉर्न स्नेक पाळला जातो. बिनविषारी, शांत आणि नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षे जगणारा हा साप. पण बहुतेक ठिकाणी साप आधी येतो आणि मग माळ्यावरची जुनी मासेपेटी झटकून त्याला तीत सोडले जाते.

पूर्ण वाढलेल्या सापाला 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच आणि पुढून सरकत्या काचांची पेटी हवी. लांबी हवी ती एक टोक गरम व दुसरे थंड राहावे म्हणून. गरम टोकाला पृष्ठभाग 30 ते 32 अंश सेल्सिअस, थंड टोकाला 22 ते 24. पचनापुरती ऊब मिळाली नाही, तर गिळलेला उंदीर तो काही दिवसांनी ओकून टाकतो.

खरा घोळ हीट मॅटचा, म्हणजे पेटीखाली ठेवायच्या विजेच्या तापपट्टीचा. ती तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच असावी, आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट बंद-चालू करणाऱ्या उपकरणाशिवाय, मुळीच नको. मोकळी सोडलेली मॅट सहज 45 अंशांपर्यंत जाते. साप तिथेच पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजतात. थर्मोस्टॅटचा सेन्सर, म्हणजे तापमान मोजणारे टोक, मॅटच्या बरोबर वर तळाला टेकलेला हवा. तो नुसता खाली पसरलेल्या भुशात खोचला तर साप उकरताना बाजूला ढकलतो, सेन्सरला गारवा लागतो आणि मॅट तापतच राहते. सेन्सर चिकटपट्टीने मात्र लावू नका. साप तिला चिकटला की सोडवताना खवल्यांसकट कातडी निघते. हॉट ग्लूचा, म्हणजे वितळवून लावायच्या गोंदाचा, ठिपका पुरतो.

खाली अ‍ॅस्पेन लाकडाचे छिलके पसरावेत, पण मॅटच्या वर थर इंचभरच, नाहीतर ऊब वर येत नाही. सीडर म्हणजे देवदारासारख्या लाकडाचे छिलके नकोतच, त्याच्या उग्र तेलांचा सापाच्या श्वसनाला त्रास होतो. दडायला दोन्ही टोकांना अंगासरशी बसेल अशी एकेक ढोली द्या. एकच दिली तर भित्रा साप ऊब सोडून तिथेच बसतो. डोळे दुधाळ झाले की कात जवळ आली समजा, आणि ओले शेवाळ भरलेला डबा ठेवा. वाडग्यात पाणीच घाला. नागपंचमीचे दूध इथेही चालत नाही.

फटींचे म्हणाल, तर डोके शिरले की साप गेलाच. वायरींची भोके आणि दोन काचांमधली फट बुजवा, कुलूप लावा.

कायदाही पाहावा. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत हा साप राज्याच्या संकटग्रस्त यादीत असून पाळायला परवाना लागतो. तिथल्याच जॉर्जिया राज्यात मनाईच आहे. हे वाचून इकडे भारतात कुणी धामण पकडून पेटीत ठेवील, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो.

पेटी रिकामीच तीन दिवस चालवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दोन्ही टोकांचे तापमान लिहून ठेवा. आकडे स्थिर राहिले की मग साप आणा, आणि पहिला आठवडा त्याला हात लावू नका.

— दोन सर्पपालक