आवक की जावक?

ठाणे,
रविवार, 18 मे 2025

प्रिय बंड्या,

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे कोणी गेलेलं नाही. हे फोनवर माझ्याच्यानं बोलवणार नाही, आणि व्हॉट्सॲपवर लिहायची तर आता भीतीच बसलीय. का, ते येईलच पुढे. दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल चार शिव्या घालून घे आणि मग वाच.

तब्येती ठीक. माझं बीपी गोळीवर, आईचा गुडघा आहे तसाच. ऑफिसचं नाव पत्रात कुठेच घालत नाहीये. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. पत्र भलत्याच्या हाती लागलंच तर बसू दे ओळखत.

बुद्ध पौर्णिमेची सुट्टी संपवून मंगळवारी ऑफिसला पोचलो. पावणेअकराला पाणीपुरवठ्याच्या साहेबांना वरून फोन आला: मुख्य जलवाहिनी फुटलीय, चार वाजता बंद करणार, उद्या रात्रीपर्यंत पाणी नाही. ‘वरून’ म्हणजे पाणी विकणाऱ्यांकडून. नवी मुंबईवाल्यांचं बरं आहे रे, मोरबे धरण त्यांचं स्वतःचं. आम्ही विकतच्या पाण्यावर. या ठाण्याचंच बघ: थोडं स्वतःचं, थोडं स्टेम कंपनीचं, थोडं एमआयडीसीचं, थोडं मुंबई महापालिकेचं. जितके मालक तितके फोन, आणि प्रत्येक फोनामागून पत्र येईस्तोवर कोणी हलायचं नाही.

पत्र आलं ईमेलनं. ते छापलं, कारण आवकचा शिक्का स्क्रीनवर मारता येत नाही. मग ते स्कॅन करून ई-ऑफिसला चढवलं. हसू नकोस. 100 दिवसांच्या सुधारणा कार्यक्रमात आमची वेबसाइट चकाचक झाली, कपाटं रंगवली, तुझ्या आवक-जावकच्या बारनिशीतली वाळवी लागलेली रॅकसुद्धा गेली. पण कनिष्ठ अभियंत्यानं टिप्पणी लिहायची, उपअभियंत्यानं ‘सविनय सादर’ करायची, मग कार्यकारी, मग शहर अभियंता, मग उपायुक्त, हा जिना तसाच आहे. फक्त पूर्वी शिपाई चढायचा, आता फाइल आपली आपण चढते, आणि मधल्या पायरीवर बसली तर तिला उठवायला शिपाईसुद्धा नाही. कलेक्टर लखिनांनी नगरला कागद लावायचे सहा गठ्ठे शिकवले, त्यावरून तू आम्हाला किती छळलंस! आता सातवा गठ्ठा झालाय, सगळ्यांच्या मोबाइलमधला. त्याला ना आवक, ना जावक, ना नष्ट करायची तारीख.

प्रेसनोट माझ्याकडे. साडेअकराला मसुदा तयार होता. बाराला शेरा आला: ‘तातडीच्या दुरुस्तीमुळे’ यातला ‘तातडीच्या’ काढावा, घबराट होईल. ‘अत्यावश्यक’ केलं. एकला परत, ‘अत्यावश्यक’ म्हणजे आधी काळजी घेतली नव्हती असा अर्थ निघतो. ‘तांत्रिक’ केलं. दोनला सहीचे साहेब मंत्रालयात बैठकीला. कोणाला दोष देऊ? प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं. चार वाजता पाणी गेलं, आणि सात चाळीसला माझी नोट बाहेर पडली: ‘तरी नागरिकांनी पाण्याचा योग्य तो साठा करून महापालिकेस सहकार्य करावे.’ कुठल्या पाण्याचा?

आता खरी गोष्ट. सव्वाबाराला, ‘तातडीच्या’वर घासाघीस चालू असताना, मी ताईला मेसेज टाकला. ती राहते आमच्याच हद्दीत, तुला माहीत आहे. ‘4 ला पाणी जाणार, उद्या रात्रीपर्यंत नाही, टाक्या भरा.’ ताईनं तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. जसाच्या तसा. त्या ग्रुपवरून आणखी दहा ग्रुपवर. माझ्या हयातीत मी लिहिलेलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं वाक्य तेच असणार. ना मा., ना विषय, ना संदर्भ.

हेही खरं की पूर्वी असा मेसेज टाकायची वेळच यायची नाही. नगरसेवकाच्या कार्यालयातला पोरगा वॉर्डभर ओरडून यायचा, संध्याकाळी फळ्यावर खडूनं लिहायचा, वर आपल्या दादांचं नाव. श्रेय खायचे, पण बातमी पोचायची. नवी मुंबईत मे 2020 पासून, ठाण्यात मार्च 2022 पासून नगरसेवक नाहीत. फलकांवर ‘माजी’ लागलंय, आणि माजीला फोन कोण करणार? आता सुप्रीम कोर्टानं चार आठवड्यांत अधिसूचना काढा म्हणून सांगितलंय, तेव्हा बघू. मी नगरसेवकांची आठवण काढतोय! आपण त्यांच्यावरून केवढे भांडायचो, मामलेदारची मिसळ पुढ्यात गार करून. बिल मीच दिलेलं असायचं, हे या निमित्तानं नोंदवून ठेवतो.

बुधवारी दुपारी काउंटरला एक बाई आली. भांडायला नव्हती आली, त्यामुळेच जड गेलं. भांडणाऱ्यांना मी अर्ज द्या सांगतो. डोंगराच्या अंगाला ती वस्ती आहे ना, तू सर्व्हेला गेला होतास ती, तिथली. म्हणाली, “साहेब, मी खाली सोसायटीत धुणीभांडी करते. काल दुपारी मॅडमनी माझ्याकडून सगळी पिंपं भरून घेतली. पाणी जाणार म्हणाल्या. विचारलं, कुणी सांगितलं? तर म्हणाल्या, ग्रुपवर आलंय. मी घरी पोचले तवर नळ गेलेला. तो ग्रुप कुठं लावून मिळतो?” सोसायटीचं नाव तिनं सांगितलं. ताईचीच. कुठल्या विंगमधल्या मॅडम, हे मी विचारलं नाही. तिला टँकरच्या खिडकीचा नंबर लिहून दिला आणि पुढचं बोलावलं.

इथवरही मी गिळलं असतं, तुझ्यापाशी कबूल करतो. पण शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. सहीआधी माहिती बाहेर गेली कशी, म्हणून वर विचारणा झालीय. आणि संशय कोणावर? वॉलमन मामांवर. साहजिकच आहे. गेली तीस वर्षं मामा चावी फिरवायच्या आधी गल्लीत हाळी देतात, त्याची कोणी कधी मान्यता घेतली नाही. आठ महिने राहिलेत निवृत्तीला. त्यांना ‘कारणे दाखवा’ काढायची आहे, आणि मसुदा, तुझी भाषा चांगली आहे म्हणून, मी करायचा. ‘आपण कार्यालयीन गोपनीय माहिती अनधिकृतपणे प्रसारित केल्याचे निदर्शनास आले असून महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 अन्वये…’ गोपनीय! नळाला पाणी येणार नाही हे गोपनीय. आमच्याच व्हरांड्यात माहिती अधिकाराची पाटी आहे, कलम 4 च्या 17 बाबी, न मागता जाहीर करायच्या. पंख्याच्या वाऱ्यानं तिचा एक कोपरा फडफडत असतो.

आता तुझ्या लक्षात आलं असेल हे तुलाच का लिहितोय.

2005. 26 जुलैच्या त्या आठवड्यात धरण फुटल्याची आवई उठली, माणसं पोरं काखेत घेऊन पळत होती, आणि तू कोणाला न विचारता भोंग्याची जीप काढलीस. ‘धरण शाबूत आहे, घरी जा, पळू नका.’ तीन फेऱ्या. मी जीपमध्ये तुझ्या शेजारी होतो. ऑगस्टमध्ये तुला मेमो आला तेव्हा मी नव्हतो. म्हणजे होतो, टाइपरायटरसमोर. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं तू पाहिलीस आणि तळ्यावरच्या बाकावर एवढंच म्हणालास, “शुद्धलेखन चांगलंय.” मग सात महिने बोलला नाहीस. माहिती अधिकार कायदा लागू झाला त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला. दोन महिने आधी आला असता तर तुझ्या खुलाशात एक परिच्छेद तरी जोडता आला असता. मी तेव्हा म्हणत होतो, मी नुसता टंकलेखक, मजकूर साहेबांचा. यावेळी मजकूरही माझा.

मामांना अजून कळलेलं नाही. काल शनिवार म्हणून भाजीला गेलो, तर त्यांचा फोन, “साहेब, सोमवारी तुमच्या ताईंच्या लाइनला काम आहे, सांगून ठेवा.” मी नुसतं बरं म्हटलं.

ताईला विचारलं तर म्हणते, गप्प बस, मामा म्हातारे आहेत, समज देऊन सोडतील. हिला सांगितलेलं नाही. थोरल्याची इंजिनिअरिंगची फी जूनमध्ये भरायची आहे, हे सांगायला नको.

तुझ्या लेकीला बारावीत चांगले मार्क पडले म्हणे, अभिनंदन, पेढे पोस्टानं चालतील. आंबा यंदा कसा? वहिनींना नमस्कार. आणि ती छत्री माझीच होती.

तर उद्या अकराला मसुदा द्यायचाय. नोटिशीचा केलेला नाही. दुसरा केलाय, दोन ओळींचा: सदर संदेश दि. 13 मे रोजी दुपारी 12.15 वाजता माझ्या भ्रमणध्वनीवरून पाठवण्यात आला. ‘पाठवण्यात आला’ खोडून ‘मी पाठवला’ केलं, तेवढ्याला रात्रीचे अडीच वाजले. हे पत्र तुला मिळेल तेव्हा तो कागद एक तर साहेबांच्या टेबलावर असेल नाही तर माझ्याच खिशात. पण एक शंका आहे, ती तुझ्या बारनिशीच्या अठरा वर्षांना विचारतो. माणसानं स्वतःविरुद्ध टिप्पणी दिली तर ती कोणामार्फत सादर करायची? आणि तिला नंबर कुठला टाकायचा, आवकचा की जावकचा?

तुझा,
सुध्या