शेवटचा धावपटू जाईपर्यंत टेबल उचलू नका

संपादक महोदय,

आपल्या नदीकाठची शरद ऋतूतली मॅरेथॉन महिन्यावर आली आहे. मी निवृत्त परिचारिका. गेली सहा वर्षे ३५व्या किलोमीटरला पाणी देते.

पहाटे सहाला शर्यत सुटते तेव्हा नदीवर धुकं असतं. आठच्या सुमारास पहिले धावपटू आमच्यापाशी येतात, त्यांना पेला धरायलाही वेळ नसतो. बरेच जण तर पाणी न घेताच पुढे जातात. खरी तहान मागून येणाऱ्यांची. दहा वाजता धुकं विरलेलं असतं, बंधाऱ्याच्या रस्त्यावर सावली नसते, आणि नदीच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड कसं होणार? वेगवान माणूस गारव्यात धावून घरी जातो, संथ माणूस त्याच दिवशी भर उन्हात धावतो.

गेल्या वर्षी साडेदहालाच टेबलं न्यायला गाडी आली. दहा पन्नासला पन्नाशीच्या एक बाई आल्या. ओठ कोरडे, खांद्यांवर मिठाचे पांढरे डाग. त्यांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "इथे पाणी होतं ना?" मी माझी बाटली दिली. शर्यतीची मुदत सहा तासांची, त्या वेगाने त्या मुदतीच्या आत पोहोचणार होत्या. म्हणजे त्या उशिरा आल्या नव्हत्या, आम्ही लवकर उठलो होतो. अजूनही ते मनातून जात नाही.

उन्हाची धास्ती उगाच घेत नाही. ७ ऑक्टोबर २००७ रोजी शिकागोची मॅरेथॉन उष्म्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. काही टेबलांवर पाणी मिळालं नाही, अशी तक्रार अनेक धावपटूंनी तेव्हा केली होती.

पण नुसतं पाणी ओतूनही भागत नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं हे त्याचं मोठं कारण, आणि चार तासांहून अधिक वेळ धावणाऱ्यांना हा धोका जास्त. कुणी अडखळत, गोंधळून बोलू लागला, हातापायांना सूज दिसली, तर त्याला आणखी पाणी पाजायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. उत्साहाने पेले पुढे करणाऱ्या कॉलेजच्या मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. आदल्या दिवशी तासभर बसवून मी शिकवायला तयार आहे.

आयोजकांकडे मागणी एकच आहे. टेबलं घड्याळ बघून उचलू नका. शेवटच्या धावपटूच्या मागे सायकलवर एक माणूस ठेवा, आणि तो पुढे गेल्यावरच त्या टप्प्यावरचं टेबल उचला. ३५व्या किलोमीटरपुरती ही जबाबदारी मी घेते. यंदा गाडी साडेदहाला आली, तर तिला थांबावं लागेल.

— ३५व्या किलोमीटरवरची स्वयंसेविका