वेळेचे टिंब म्हणजे दशांशचिन्ह नव्हे

मा. संपादक यांस,
स. न.

शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की वृत्तपत्रांतून गणिताचे सरावप्रश्न येऊ लागतात. त्यांत वेळ आणि शेकडेवारी एकत्र असलेली शाब्दिक उदाहरणे असतात, आणि उत्तरांच्या जागी बहुतेक वेळा नुसते पर्याय क्रमांक. या प्रकाराला तेवढे पुरत नाही, कारण इथे चुकीची रीतही मुलाला बरोबर उत्तराच्या अगदी शेजारी नेऊन सोडते.

रावेर-यावलकडच्या मुलाला परिचयाचे उदाहरण घेऊ. केळीच्या बागेला पाणी द्यायला मोटर रात्री १०:४५ ला सुरू केली आणि पहाटे ५:२५ ला बंद केली. मधे १ तास १२ मिनिटे लाईट नव्हती. एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ लाईट नव्हती?

आधी एकूण वेळ काढायचा. मध्यरात्रीपाशी थांबावे: १०:४५ ते १२ हा सव्वा तास, पुढे ५ तास २५ मिनिटे, मिळून ६ तास ४० मिनिटे. मग दोन्ही वेळांची मिनिटे करायची, ४०० आणि ७२. बहात्तरला चारशेने भागून शंभराने गुणले की उत्तर १८ टक्के. पुष्कळ मुले मात्र १.१२ ला ६.४० ने भागतात आणि १७.५ टक्के आणतात. पर्यायांत १७.५ दिसले की खूण करून मोकळी होतात. तासाची मिनिटे ६०, शंभर नव्हेत. ६ तास ४० मिनिटे म्हणजे ६.४० तास नाहीत, ते ६ पूर्णांक दोन तृतीयांश तास आहेत.

ही चूक मुरते ती वजाबाकीमुळे. ६.४० मधून १.१२ वजा केले तर ५.२८ येतात, आणि मोटर खरोखरच ५ तास २८ मिनिटे चालली. रीत चालते असा मुलाचा समज पक्का होतो. पण २९:२५ मधून २२:४५ वजा करताना (पहाटेच्या ५ मध्ये २४ मिळवून) तास सुटा करावा लागला की तीच रीत ६.८० दाखवते.

दुसरी अडचण, टक्के कशाचे? बस धुळ्याहून ८:४० ला निघाली, १०:१६ ला प्रवासाचा ६४ टक्के वेळ संपला, तर जळगावला किती वाजता पोहोचेल? उरलेले ३६ टक्के मुले झालेल्या ९६ मिनिटांवर काढतात. ते पूर्ण वेळेवर काढायचे. ६४ टक्के म्हणजे ९६ मिनिटे, १ टक्का दीड मिनिट, पूर्ण प्रवास १५० मिनिटांचा. उरली ५४ मिनिटे, बस ११:१० ला पोहोचेल. याच बसचा वेग २५ टक्क्यांनी वाढला तर वेळ २५ टक्क्यांनी घटत नाही: १५० ला १.२५ ने भागून १२० मिनिटे, म्हणजे घट २० टक्के. अंतर तेच असल्याने वेग पाच चतुर्थांश झाला की वेळ चार पंचमांश होतो.

सरावप्रश्न छापताना दोन गोष्टी कराव्यात ही विनंती. घड्याळाची वेळ एका टिंबाने न दाखवता १०:४५ अशी छापावी. आणि उत्तरासोबत मिनिटांत केलेली एक ओळ द्यावी, ‘७२/४०० × १००’ इतकी छोटी चालेल; शक्य असेल तिथे १७.५ हा पर्याय कोणत्या चुकीतून येतो तेही लिहावे.

आपला,
एक वाचक, अमळनेर