बारा सेकंदांआधीचे सहा आठवडे

महोदय,

१७ डिसेंबर, म्हणजे १९०३ मधल्या पहिल्या विमान उड्डाणाच्या दिवसानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला राइट बंधूंवरचा लेख वाचला. १२ सेकंद, १२० फूट, किटी हॉकचा वारा, सगळं आलं. इंजिनाची बोळवण मात्र एका वाक्यात : विमानाला १२ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं म्हणे. बसवलं खरं, पण आणलं कुठून?

ते केलं चार्ली टेलरने. मोटार कारखान्यांना पत्रं लिहूनही हवं तसं हलकं इंजिन कुणी देईना. मग राइट बंधूंच्या अमेरिकेतल्या डेटन गावच्या सायकलच्या दुकानातल्या या मेकॅनिकने एक लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र), एक ड्रिलिंग मशीन आणि हातची हत्यारं यांवर सहा आठवड्यांत चार सिलिंडरचं इंजिन उभं केलं. क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या कवचाचं, अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम तेवढं बाहेरून. रीतसर ड्रॉइंग नाहीच. कागदाच्या कपट्यावर पार्ट काढायचा आणि कपटा बाकावर टोचून ठेवायचा.

मला हे लागतं, कारण मी ३४ वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, होतो आणि निवृत्तीनंतर घराखालच्या गाळ्यात हेच इंजिन पाव मापात करतो आहे. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, चार इंच, माझा एक. टेलरने क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या मागेपुढे हालचालीने फिरणारा वाकडातिकडा दांडा, सपाट पोलादी पाटातून काढला : आकाराभोवती ओळीने भोकं पाडली, छिन्नीने नको तो माल उडवला, मग तो तुकडा, आमच्या भाषेत जॉब, लेथवर चढवला. मीही हट्टाने तसंच केलं. ईएन-८ या जातीच्या पोलादाची ४० बाय १२ मिलिमीटरची पट्टी, भोकं १४०. पट्टी सरळ होती. मधला माल निघाला तसा आतला ताण सुटला आणि जॉबचं केळं झालं. बाक मोजायचा डायल लावला तर अर्धा मिलिमीटर. गेला भंगारात. दुसऱ्या वेळी माल काढल्यावर तांबडा तापवून रात्रभर राखेत गाडला, मग टर्निंगला घेतला. हा टिकला. एका क्रँकशाफ्टला चार महिने! तेही माझ्या लेथला स्वतःची मोटर असताना. टेलरचा लेथ गॅस इंजिनावर चालणाऱ्या शाफ्टच्या पट्ट्याने फिरायचा.

त्याचंही सगळं सुरळीत झालं नव्हतं. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी बेअरिंग जाम होऊन क्रँककेस फुटली, ओतकाम पुन्हा करावं लागलं. तरी मागितली होती आठ अश्वशक्ती, दिली बारा.

माझं अजून सुरू झालेलं नाही. बायको रोज विचारते. पिस्टनच्या रिंगा बाकी आहेत, एवढंच सांगतो.

टेलरचा जन्म २४ मे १८६८ चा. अमेरिकेत हा दिवस विमानांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांचा म्हणून पाळतात. येत्या २४ मेला त्याच्यावर अर्धा कॉलम छापावा, ही विनंती. लेखकाला क्रँकशाफ्ट हातात घेऊन पाहायचा असेल, तर गाळ्याचं शटर सकाळी नऊनंतर उघडं असतं.

– एक निवृत्त टर्नर, चिंचवड