ग्रीन कार्डाच्या तारखेबद्दल, आई-बाबांना

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांचा आवाज उतरलेला वाटला. तेव्हाच ओळखलं, माझ्या अमेरिकेतल्या ग्रीन कार्डाचा, म्हणजे इथं कायम राहायच्या परवान्याचा, फोटो चष्मा लावून वाचलेला दिसतोय. त्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर कोणीतरी ज्ञान पाजळलं असणार की तारीख उलटली, म्हणजे पोरगी बेकायदा. म्हणून लिहूनच पाठवते. फोनवर बाबा 'बरं बरं' म्हणतात आणि रात्रभर जागतात.

तारीख उलटली हे खरं. पण त्याआधीच आम्ही अर्ज दिलाय, आणि निकाल लागेपर्यंत माझा इथला कायदेशीर दर्जा चालू राहतो. मला कार्ड मिळालं तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती. अशा वेळी अमेरिकेत दोनच वर्षांचं, अटीवरचं कार्ड देतात. ती अट काढायला नवरा-बायकोनं मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा, तोही मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत. त्याची पावती येते, तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवली आहे. आधी २४ महिने मिळायचे, जानेवारी २०२३ पासून ४८ मिळतात; यावरूनच फायली किती तुंबल्यात ते समजा. जुनं कार्ड आणि ही पावती, दोन्ही मिळून माझा पुरावा. नोकरी चालू आहे, भारतात येऊन परत जायलाही हरकत नाही.

पुराव्यांची मात्र गंमतच. अर्धा नौपाडा पंगतीला जेवून गेला, तरी लग्न खरं आहे हे दाखवायला जॉइंट खातं, भाडेकरार, दोघांनी मिळून भरलेला टॅक्स, विमा, सगळं जोडावं लागलं. फोटोही दिले. त्यात गणपतीतला तोही गेलाय, बाबा बनियनवर आरतीचं तबक धरून उभे आहेत तो. आई, तू तेव्हाच म्हणाली होतीस, शर्ट घाला म्हणून.

निकाल कधी लागेल ते कोणी सांगत नाही. मुलाखतीला बोलावतील, नाहीतर कागदांवरच भागेल. टपालपेटी उघडताना धडधडतं, खोटं कशाला बोलू. पण कट्ट्यावर बिनधास्त सांगा, अर्ज मुदतीत दिलाय आणि पावती हातात आहे.

आता गुडघ्याच्या ऑपरेशनचं. आई म्हणते, सात-आठ महिने येऊन राहा. ते नाही जमायचं. वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही, आणि सहा महिन्यांच्या वर गेलं तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात विचारणा होते. (त्या अर्जाचं आणि भारतीय पासपोर्ट सोडायचं समोरासमोर बसून बोलू. बाबा, आत्तापासून रागावू नका.) दोन महिने मात्र नक्की येते. परतताना मुंबईच्या विमानतळावर काउंटरवाला जुनी तारीख बघून अडवेल, म्हणून मूळ पावती पर्समध्येच ठेवीन, बॅगेत नाही.

गुडघ्याची तारीख डॉक्टरांकडून पक्की करून घ्या आणि लगेच कळवा. तिकिटं महाग होत चालली आहेत.

तुमची,
मनू